पाठीला पाठ

चौकी क्रमांक सात. तिघऱ्याच्या अलीकडे,
जिथे चढ संपतो आणि पट्टी डावीकडे लपते.
दोन माणसं उभी राहायची इथे, पाठीला पाठ लावून.
मी पुढचं वळण बघायची, पिवळा झेंडा हातात.
भगवानदास कुशवाह येणाऱ्या गाड्या बघायचे, निळा घेऊन.

अकरा हिवाळे.
त्यांचा चेहरा विचाराल, तर मिशी होती, एवढंच सांगता येईल.
पाठ मात्र हजारांत ओळखीन:
डाव्या खांद्याचं हाड जरा वर,
खोकला यायचा तो आधी माझ्या बरगड्यांत वाजायचा.
एक कोपर म्हणजे मागून गाडी येते आहे.
दोन म्हणजे दोन, अगदी चिकटून.
तीन त्यांनी एकदाच दिली.
वळून न बघता मी खंदकात उडी टाकली
आणि डोक्यावरून जे गेलं
ते एकशे चाळीस किलोचं लोखंड होतं.

झेंडा कसा धरायचा ते पुस्तकात आहे.
स्थिर धरला तर सांभाळून,
हलवला तर फार सांभाळून.
किती जोरात हलवायचा, ते नाही.
ते माझ्याकडे वडिलांकडून आलं.
छोट्या लाइनीचे गार्ड, ग्वाल्हेर ते सबलगड.
त्यांच्या हिरव्या झेंड्याच्या एका झटक्यावरून
ड्रायव्हरला कळायचं
की आज डब्यात वऱ्हाड आहे, घाई नको.

या वर्षी खांब आला.
वर काळी पाटी, पोटात हजार दिवे.
क्लबचा लघाटे, पंचविशीतला, म्हणाला,
"बक्षी मॅडम, आता चौकीवर एकच माणूस पुरे."
निळं ते खांबच बघणार.
गाडीतल्या चिपवरून तो आपोआप निळा होतो.
भगवानदासांनी आपला झेंडा घडी करून परत दिला,
धुतलेला, इस्त्री केलेला.
पंक्चरच्या दुकानात इस्त्री कुठून आणली, देव जाणे.

खोटं बोलणार नाही.
जानेवारीतल्या त्या रविवारी, तिसऱ्या फेरीत,
धरणावरून धुकं असं चालत आलं
की माझा हात मला कोपरापर्यंतच दिसत होता.
बारा नंबर घसरला, पट्टीच्या मधोमध.
मी झेंडा मारला, खांदा निखळेल इतका मारला,
वडिलांचे सगळे झटके एका दमात.
एकाहत्तर नंबर थांबला, पडलेल्यापासून चार हातांवर.
हेल्मेट काढून म्हणाला, "लाइट दिखी थी, मॅडम."
आणि झेंडा?
विचारायला नको होतं.
पोरगा सभ्य. जमिनीकडे बघत राहिला.

तर खांब जिंकला. लिहून घ्या.
त्याला तहान लागत नाही, त्याचे मोजे भिजत नाहीत,
दर फेरीला तो तितकाच पिवळा,
मरणाला आणि सांडलेल्या पाण्याला
सारखाच पिवळा.

शर्यत संपली की स्वार सावकाश एक फेरी मारतात,
चौक्यांना हात करतात. जुनी रीत.
एकाहत्तरनेही केला, सातच्या दिशेने.
मला की त्याला, कळलं नाही.
मी हात वर केला.
तो विझला.

सामान आवरताना कंबर भरून आली,
म्हणून सवयीने मागे रेलले.
लोखंड गार होतं,
विझलं तरी आत बारीक काही गुणगुणत होतं.
मी एक कोपर दिलं.
थोडी थांबले.
मग दुसरं.